उभ्या झाडाचा हिशेब

(लातूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते भूगोल शिकवायचे. देशाच्या नकाशाआधी ते मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेत. विहीर, ओढा, गायरान, पार आणि शिवारातली मोठी झाडं त्यात आल्याशिवाय त्या नकाशावर त्यांची सही होत नसे. म्हणून आज मी नकाशाचाच विषय घेतला आहे. हा नकाशा मात्र सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून काढलेला आहे.

उपग्रहांच्या चित्रांचा उपयोग करून झाडतोड रोखायची, हेच ज्याचं ध्येय आहे, असा व्यवसाय मराठवाड्यात उभा राहू शकेल का? राहू शकतो, असं माझं ठाम मत आहे. त्याला लागणारी बरीच चित्रं फुकट मिळतात, कायद्याची वाट मोकळी आहे आणि हे काम करू शकणारी मुलं आपल्या घराघरांत आहेत. पण त्याला एक अट आहे. ज्याच्या जमिनीवर किंवा ज्याच्या गावाच्या रानात झाड उभं आहे, त्याला ते उभं ठेवण्याचा मोबदला मिळाला पाहिजे आणि त्या चित्रावर पहिला हक्क त्याचा असला पाहिजे. ही अट पाळली नाही तर झाड कधी तुटलं याची तारीख आपल्याला अचूक कळेल, झाड मात्र वाचणार नाही.

दोन जिल्हे, दोन तऱ्हांची तोड

नांदेड जिल्ह्याचं बहुतेक जंगल उत्तरेला, किनवट आणि माहूर तालुक्यांत एकवटलेलं आहे. सहस्रकुंडापासून माहूरच्या डोंगरापर्यंत पैनगंगेच्या अंगानं सागाचं रान पसरलेलं आहे. 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. राज्यांची हद्द पुढे बदलली, जंगल सलगच राहिलं. गोंड, कोलाम, आंध आणि प्रधान समाजाची वस्ती याच रानाच्या आधारानं जगते.

इथली तोड एकाच दिवशी डोंगर बोडका करणारी नसते. चोर चांगल्या घेराचा साग हेरतो, रात्री एक-दोन झाडं पाडतो, ओंडके करतो आणि हद्दीपलीकडे किंवा एखाद्या वखारीकडे नेतो. मागे बुडखे उरतात. आजूबाजूच्या झाडांच्या फांद्या पावसाळ्यात पसरतात आणि वरून पाहणाऱ्याला ते भगदाड भरून आल्यासारखं दिसतं.

लातूरची गोष्ट वेगळी आहे. या जिल्ह्याचं वनक्षेत्र भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तोडायला सलग जंगलच नाही, त्यामुळे जंगलतोडीची चर्चा निघाली की लातूरचं नावही येत नाही. पण इथे झाडं होती आणि काही अजून आहेत. बांधावरचा आंबा, ओढ्याकाठची चिंच, विहिरीजवळचं जांभूळ, गोठ्यामागचा लिंब, पडीक तुकड्यातल्या बाभळी. हीच लातूरची वनसंपत्ती. ती कुणाच्या लेखी वन नाही, म्हणून वनाच्या हिशेबात तिची घट येत नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांत त्या वाघिणींची छायाचित्रं आली. पाण्याचा दुष्काळ दिसला म्हणून लोक धावून आले. झाडांचा दुष्काळ तितकाच खरा आहे, पण तो दिसत नाही. तो आधी दिसला पाहिजे.

आकाशातून काय दिसतं

आपल्या देशाला हा नवा डोळा मिळाला त्याला आता पन्नास वर्षं होत आली. हैदराबादच्या नॅशनल रिमोट सेन्सिंग एजन्सीनं लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून दोन कालखंडांची तुलना केली. 1972 ते 75 या काळात देशाचं वनाच्छादन 16.89 टक्के होतं, ते 1980 ते 82 या काळात 14.10 टक्क्यांवर आलेलं दिसलं. कागदोपत्री वनजमीन तेवढीच होती. तिच्यावरची झाडं गेली होती. या आकड्यांनी त्या वेळी मोठी खळबळ उडाली. 1981 मध्ये डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली होती. 1987 पासून ती साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला आहे. 1988 मध्ये आपला पहिला आयआरएस उपग्रह झेपावला आणि परक्या चित्रांवरचं अवलंबन कमी होत गेलं.

2023च्या वनस्थिती अहवालानुसार देशाचं वनाच्छादन 21.76 टक्के आहे. हा आकडा वाचताना त्यामागची व्याख्या लक्षात ठेवावी. किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर किमान दहा टक्के झाडोऱ्याची सावली असेल तर ते वनाच्छादन, मग मालकी कुणाचीही असो. म्हणजे मोठी आमराई वनाच्छादनात मोजली जाते, आणि शंभर बांधांवर विखुरलेले शंभर आंबे त्यात येत नाहीत.

यामागे चित्राची मर्यादा आहे. या अहवालासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रात जमिनीचा एक ठिपका साधारण साडेतेवीस मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, म्हणजे जवळपास साडेपाचशे चौरस मीटर. एकट्या झाडाची सावली त्यात विरघळून जाते. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटरचा आहे. त्याची जोडी दर पाच दिवसांनी एकाच ठिकाणावरून जाते आणि चित्रं सगळ्यांना मोफत मिळतात. खासगी कंपन्यांच्या छोट्या उपग्रहांची चित्रं त्याहून बारीक असतात. या बारीक चित्रांमुळे सुटं झाडही वरून मोजता येऊ लागलं.

मे 2024 मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात भारतातल्या शेतांमधल्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे साठ कोटी सुटी झाडं नकाशावर आणली. 2010-11 मध्ये दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे 11 टक्के झाडं 2018 पर्यंत नाहीशी झाली होती. 2018 ते 2022 या काळात आणखी पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडं गेली. सगळ्यात जास्त घट दिसलेल्या पट्ट्यांमध्ये तेलंगणा आणि महाराष्ट्र आहेत, आणि त्यातल्या काही भागांत निम्म्यापर्यंत मोठी झाडं गेलेली आढळली. मोठं झाड म्हणजे किती मोठं? 2010-11च्या मोजणीतल्या अशा झाडाचा पसारा वरून साधारण 96 चौरस मीटर होता. म्हणजे आपल्या आजोबांनी लावलेला आंबा. असं झाड तोडायला अर्धा दिवस लागतो आणि नवं तेवढं व्हायला दोन पिढ्या जातात.

चित्र कोणत्या महिन्याचं?

हे काम करणाऱ्याला चित्र वाचता यावं लागतं, आणि ते वाचायला आपल्या शेतीचं पंचांग ठाऊक असावं लागतं. बंगळुरूत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला जे जमणार नाही, ते लातूरच्या मुलाला इथेच जमतं.

ऑगस्टमधलं औसा तालुक्यातलं चित्र घ्या. आधी ढग. ढग फाटलेच तर सोयाबीन हिरवं, बांध हिरवा, झाडही हिरवं. कशात काही वेगळं काढता येत नाही. आता तेच शिवार मे महिन्यात पाहा. सोयाबीन ऑक्टोबरात निघालं, तूर जानेवारीत, हरभरा मार्चपर्यंत. नांगरट झाली आहे, जमीन काळी पडली आहे. त्या काळ्या जमिनीवर आंबा, लिंब आणि चिंच मात्र पालवलेली. झाड ओळखायला याहून चांगला महिना नाही. मांजरेच्या काठचा ऊस तेवढा गोंधळ घालतो, कारण तोही उन्हाळ्यात हिरवा असतो. पण ऊस सलग चौकोनी दिसतो आणि तोडणीनंतर तो हिरवा रंग जातो, झाडाचा जात नाही. दोन-तीन वर्षांची चित्रं एकापुढे एक ठेवली की फरक कळतो.

किनवटमध्ये याच्या नेमकं उलट. मे महिन्यात साग निष्पर्ण असतो. त्या चित्रावरून हिशेब केला तर सगळं रान तोडलं गेलं, असं वाटेल. तिथे पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रं घ्यावी लागतात. भारतीय वन सर्वेक्षणही प्रामुख्यानं याच महिन्यांची चित्रं वापरतं. पावसाळ्यात ढगांतून पाहायचं असेल तर रडारचे उपग्रह आहेत, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यांसाठी उष्णता टिपणारे. वणव्याची सूचना आज वनरक्षकाच्या मोबाईलवर येते, ही व्यवस्था आपल्या देशात चालू आहे.

चित्रानं दाखवलेलं झाड पाहायला औसा तालुक्यातल्या एका शिवारात गेले, तिथलं सांगते. मोबाईलवर एका बांधाची दोन वर्षांची मे महिन्याची चित्रं होती. आधीच्या चित्रात बांधाच्या मधोमध गडद ठिपका, नंतरच्यात तिथे काळी जमीन. बांधावर गेल्यावर बुडखा सापडला, वीतभर वर आलेला, कडेनं फुटवे फुटलेले. शेताचे मालक म्हणाले, "भावाभावांची वाटणी झाली. आंबा आला दोघांच्या मधी. सावलीत सोयाबीन येत न्हाई, हार्वेस्टर वळत न्हाई. व्यापाऱ्यानं उक्ता मागितला, दिऊन टाकला." त्या रकमेतून बोअरची मोटर दुरुस्त झाली होती.

या माणसाला गुन्हेगार म्हणण्यात काही अर्थ नाही. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, चिंच आहे, जांभूळ, मोह आणि सागही आहे. परवानगीशिवाय ही झाडं तोडता येत नाहीत. तरी ती तुटतात, कारण उभ्या झाडाचा हिशेब त्या घरात तोट्याचा आहे आणि आडव्या झाडाला त्याच दिवशी रोख पैसे मिळतात. आपला व्यवसाय या हिशेबात शिरला नाही तर नुसती चित्रं विकून काय साधणार?

उपग्रह तेच, इच्छा बदलली

जगातला सगळ्यात मोठा धडा ब्राझीलचा आहे. तिथली अंतराळ संशोधन संस्था 1988 पासून ॲमेझॉनच्या जंगलतोडीची वार्षिक मोजणी करते. 2004 मध्ये तोड चालू असतानाच इशारा देणारी यंत्रणा सुरू झाली. त्या वर्षी ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये 27,772 चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्याच्या जवळपास चौपट. 2012 मध्ये हा आकडा 4,571 चौरस किलोमीटरवर आला.

हे एकट्या उपग्रहानं केलं नाही. इशारा आला की पथकं जाऊन यंत्रं जप्त करत. 2006 मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की, यापुढे जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही. 2008 मध्ये शेतीकर्जाला पर्यावरणाच्या अटी लागल्या. पोलीस, बाजार आणि बँक अशा तीन हातांत तेच चित्र गेलं, म्हणून तोड उतरली. पुढे सरकारची इच्छा पातळ झाली आणि 2021 मध्ये तोड पुन्हा 13,000 चौरस किलोमीटरवर गेली. उपग्रह फिरतच होते, इशारे येतच होते. ते ज्यांच्याकडे जायचे त्यांनी मनावर घेतलं नाही.

आपल्या राज्यातही चित्रानं काम केल्याचं उदाहरण आहे. मुंबईच्या खाडीकाठची कांदळवनं भराव टाकून मारली जात होती. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या तोडीला बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून कांदळवनांचे नकाशे करायला सांगितलं. नागपूरच्या केंद्रानं ते नकाशे केले. त्यांच्या आधारे सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून अधिसूचित झाली आणि 2012 मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. तिथेही चित्राला न्यायालयाचा आदेश आणि मैदानात उतरणारा विभाग यांची जोड मिळाली, तेव्हाच त्याला वजन आलं.

मराठवाड्यात जो कोणी या व्यवसायात पडेल, त्यानं पहिल्या दिवशीच कागदावर लिहून काढावं की, आपलं चित्र कुणाच्या हातात जाणार आणि तो माणूस त्यावरून काय करणार.

पैसे कोण देईल?

ध्येयाची भाषा करताना पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. पण देणग्यांवर चाललेलं काम देणगीदाराचं लक्ष दुसरीकडे गेलं की बंद पडतं. झाड पन्नास वर्षं जगतं, तेव्हा ते राखणारी व्यवस्थाही आपल्या पायावर उभी असावी लागते. मला चार गिऱ्हाइकं दिसतात.

पहिलं, सोयाबीनचा व्यापार. लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावासाठी राज्यात पाहिली जाते. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे आपल्या पेंडीला युरोपात मागणी आहे. युरोपीय संघानं 2023 मध्ये जंगलतोडविरोधी नियम केला. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं सोयाबीन, कॉफी, रबर, पामतेल किंवा लाकूड तिथे विकता येणार नाही, आणि प्रत्येक मालाबरोबर तो कोणत्या शेतातून आला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला एक बिंदू पुरतो. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण बाजाराची दिशा स्पष्ट आहे. आपली शेतं पिढ्यान्‌पिढ्या शेतंच आहेत, त्यामुळे आपला शेतकरी या कसोटीला सहज उतरतो. फक्त ते सिद्ध करणारा कागद त्याच्याकडे नाही. तो कागद तयार करून देणं हे पैसे मिळवून देणारं काम आहे. युरोपच्या नियमात बांधावरची झाडं येत नाहीत, हे खरं. पण एकदा शेताची नोंद झाली की त्याच नोंदीत बांधावरची झाडं घेता येतात आणि झाडं राखणाऱ्याच्या मालाला अधिक भाव द्यावा, असा करार खरेदीदाराशी करता येतो.

दुसरं, रस्ते. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड करत विदर्भात जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 रुंद झाला आणि आपला प्रवास सुखाचा झाला. त्यासाठी कडेची जुनी झाडं गेली. 2015च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा 1 टक्का वृक्षलागवडीसाठी ठेवायची तरतूद आहे. ती लावलेली झाडं पाच वर्षांनी किती उरली, हे त्रयस्थपणे तपासून सांगणाऱ्याची गरज आहे. 2016च्या कायद्यानुसार चालणाऱ्या भरपाई वनीकरणालाही हेच लागू. राज्यानं 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं आणि पुढे त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लागवडीचा आकडा जाहीर होतो, जगलेल्या झाडांचा मागावा लागतो. तो सांगणारं कुणीतरी हवं.

तिसरं, झाडाच्या फळाचा बाजार. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशननं संगमेश्वर भागात खासगी रानांच्या मालकांशी न तोडण्याचे करार केले. भीमाशंकर परिसरात त्यांनी बेहड्याच्या फळाला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून परदेशी खरेदीदारापर्यंत पोचवलं. बेहड्याचा जुना वृक्ष म्हणजे धनेश पक्ष्याच्या घरट्याची ढोली. फळाला दाम मिळाला, वृक्ष राहिला, ढोलीही राहिली. किनवटच्या मोहाला आणि लातूरच्या चिंचेला ही वाट का नसावी? झाड उभं असल्याची खात्री खरेदीदाराला आपलं चित्र देईल.

चौथं, झाड राखल्याबद्दल शेतकऱ्याला थेट पैसे देणाऱ्या संस्था. 'फार्मर्स फॉर फॉरेस्ट्स' ही संस्था आपल्या राज्यात हे करते, आणि झाडं उभी आहेत की नाहीत याची पडताळणी ड्रोन आणि दूरस्थ चित्रांवरून करते. कार्बन क्रेडिटची वाटही इथूनच जाते, पण तिथे सावधपणे पाऊल टाका. जगातल्या काही मोठ्या वन-कार्बन प्रकल्पांवर 2023 मध्ये गंभीर आक्षेप आले की, वाचवलेलं जंगल फुगवून दाखवलं गेलं. बांधावरच्या दहा झाडांच्या कार्बनमधून घर चालेल, असं आश्वासन शेतकऱ्याला कुणीही देऊ नये.

या चौघांकडून पैसे घेताना एक नियम पाळावा. ज्याची तोड आपण तपासायची, त्याच्या मर्जीवर आपला अहवाल अवलंबून असता कामा नये. तपासणीचा खर्च आधी तिसऱ्या हातात जमा व्हावा आणि अहवाल गावासमोर वाचला जावा. हा नियम मोडला की त्याच दिवशी ध्येय संपलं, उरली फक्त कंपनी.

चित्र कुणाचं?

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त भर देते, त्या मुद्द्याकडे येते. उपग्रहाचं चित्र दुधारी आहे.

वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवसाआधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं तरच जमिनीचा हक्क मिळतो. अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांनी त्या काळचं चित्र काढलं, त्यात शेत दिसत नाही म्हणाले आणि दावा फेटाळला. मोहाच्या झाडाखाली कसलेला तुकडा वरून झाडच दिसणार! 2012 मध्ये या कायद्याच्या नियमांत स्पष्ट केलं गेलं की, उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयानंही 2013 मध्ये केवळ चित्रावरून दावे फेटाळता येणार नाहीत, असं सांगितलं. त्याच गुजरातमध्ये कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना नकाशे आणि चित्रं वाचायला शिकवलं आणि त्यांच्याच आधारे दावे मजबूत केले. चित्र तेच होतं. ते कुणाच्या हातात आहे, यावर निकाल ठरला.

म्हणून किनवटच्या रानात बुडखे दिसले तर ती बातमी आधी ग्रामसभेला कळली पाहिजे. चोर बहुतेक वेळा बाहेरचा असतो आणि संशय पहिल्यांदा जवळच्या पाड्यावर येतो. पाड्याच्या हातात तारीखवार चित्र असेल तर त्याला स्वतःचा बचावही करता येईल आणि वन विभागाशी बरोबरीनं बोलता येईल. लातूरच्या शेतकऱ्याचंही तसंच. त्याच्या शेताची हद्द, पीक, झाडं ही माहिती त्याच्या संमतीशिवाय बियाणं कंपनीला, सावकाराला किंवा जमिनीच्या दलालाला विकली जाऊ नये. हे करारात लिहा आणि मराठीत लिहा.

मराठवाड्याला सहकाराची सवय आहे. शेतकरी उत्पादक कंपनीची सोय 2002च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीनं झाली. माझ्या मते या व्यवसायाचं योग्य रूप तेच. शेतकरी आणि ग्रामसभांचे सदस्य भागधारक असावेत, चित्र वाचणारे तरुण त्यांचे नोकर असावेत आणि माहितीची तिजोरी सभासदांच्या नावावर असावी.

कामाला लागू या

लातूर पॅटर्ननं आपल्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर केलं. नांदेडला विष्णुपुरीत अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आहे. इथून गेलेली हुशार मुलं दूरच्या देशांच्या शेतांचे नकाशे संगणकावर वाचतात, त्यांच्या आजोळच्या शिवाराचा असा नकाशा मात्र त्यांनी अजून केलेला नाही. फेब्रुवारी 2021 पासून भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करायला पूर्वीसारख्या परवानग्यांची गरज नाही. सेंटिनेलची चित्रं मोफत आहेत. इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ आहे. सरकारच्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोयही आहे, ती अनेकदा भरली जात नाही. मोठा खर्च आहे तो माणसांचा. ठिपका दिसला की मोटारसायकलवर जाऊन झाड पाहणारा, त्याचं नाव आणि घेर लिहून घेणारा, मालकाशी ओट्यावर बसून बोलणारा माणूस लागतो. हा रोजगार गावातच राहणारा आहे.

म्हणून येत्या वर्षासाठी तीन कामं मी तुमच्यासमोर ठेवते. औसा तालुक्यातली काही गावं आणि किनवट तालुक्यातली काही गावं निवडा. औशात येत्या मे महिन्याच्या चित्रावरून बांधावरचं प्रत्येक मोठं झाड मोजा, गावात जाऊन पडताळा आणि शेतकऱ्याच्या हातून ई-पीक पाहणीत नोंदवा. किनवटमध्ये ऑक्टोबरच्या चित्रांवरून ग्रामसभेबरोबर रानाचा पहिला नकाशा करा आणि वन विभागाला त्याची प्रत द्या. आणि लातूरच्या तेलगिरण्यांच्या मालकांना, बँकांच्या व्यवस्थापकांना एकदा एका टेबलाशी बसवा आणि विचारा, उभं झाड असलेल्या शेताचा माल अधिक भावानं घ्याल का? त्या शेतकऱ्याला कर्जात सवलत द्याल का? पहिलं हो जो कुणी म्हणेल, त्याच्यापासून व्यवसाय सुरू होईल.

बांधावरचा आंबा तोडणाऱ्या त्या शेतकऱ्याला मी विचारलं होतं, वर्षाला थोडी रक्कम मिळाली असती तर झाड ठेवलं असतं का? तो म्हणाला, "कोन देतंय?" या सभागृहात व्यापारी आहेत, बँकेची माणसं आहेत, प्राध्यापक आहेत, इंजिनिअर होऊ पाहणारी मुलं आहेत. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची ताकद या चौघांमध्ये मिळून आहे. ते उत्तर पुढच्या पावसाळ्याआधी त्याच्या शिवारात पोचवा, एवढीच माझी विनंती आहे.